अर्ध्या बँडचा हिशोब: वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

यावेळी टपाल आणि ईमेल दोन्हीकडे एकच विषय. कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात स्थायिक व्हायचंय, आणि इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर (आयईएलटीएसमध्ये त्याला बँड म्हणतात, शून्य ते नऊ) थोडक्यात अडकलाय. काही प्रश्न एकसारखेच होते म्हणून एकत्र केलेत, नावं कुणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : ताई नमस्कार, मी नाशिकचा, वय ३१, लग्न झालेलं नाही. मेकॅनिकलमध्ये एम.टेक., सातपूरला डिझाइनमध्ये चार वर्षं झाली. कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीसाठी (पॉइंटवर पीआर, म्हणजे कायमचं वास्तव्य, देणारी पद्धत) आयईएलटीएस जनरल ही इंग्रजीची परीक्षा दिली. लिसनिंग ८, रीडिंग ७.५, रायटिंग ६.५, स्पीकिंग ७, ओव्हरऑल ७.५ आलेत. घरचे म्हणतात साडेसात म्हणजे भारीच की, परत फी कशाला भरतोस. खरंच परत द्यावी का? सोबत माझा एक सरावाचा निबंध पाठवतोय.

द्या. ओव्हरऑल साडेसात हे नातेवाइकांना सांगायला ठीक आहे, कॅनडाच्या इमिग्रेशनवाले तो आकडा बघतच नाहीत. ते चारही स्किलचे बँड वेगवेगळे घेतात आणि प्रत्येकाचं सीएलबी (भाषेची कॅनडाची मोजपट्टी) लेव्हलमध्ये रूपांतर करतात. सीएलबी ९ साठी लिसनिंगला ८ आणि बाकी तिन्हींना ७ लागतात, म्हणजे तुमचे तीन विषय नऊवर आहेत आणि रायटिंग एकटं आठवर बसलंय. आता तुम्ही म्हणाल एका विषयाचा अर्धा बँड, त्याने काय असा फरक पडतो, तर बघा.

तुमचा आत्ताचा सीआरएस, म्हणजे एक्स्प्रेस एन्ट्रीत क्रम लावायचा एकूण स्कोअर, असा होतो. वयाचे ९९, मास्टर्सचे १३५, भाषेचे ३१ अधिक ३१ अधिक ३१ अधिक रायटिंगचे २३ म्हणजे ११६. याशिवाय स्किल ट्रान्सफरेबिलिटी नावाचा एक भाग असतो ज्यात शिक्षण आणि भाषा यांची जोडी धरतात, आणि परदेशातला अनुभव (म्हणजे तुमच्यासाठी सातपूरचा) आणि भाषा यांची दुसरी जोडी. चारही विषयांत सीएलबी ७ च्या वर आहात पण एक जरी नऊच्या खाली असला तर प्रत्येक जोडीचे २५, म्हणजे ५०. एकूण ४००. रायटिंग ७ झालं की त्याचे २३ चे ३१ होतात, आणि चारही नऊवर गेल्यामुळे दोन्ही जोड्या पंचवीसच्या थेट पन्नास होतात. एकूण ४५८. अर्ध्या बँडचे ५८ पॉइंट. अजून दोन वर्षं तिथेच नोकरी केलीत तर अनुभवाचा एक पॉइंट वाढणार नाही कारण तीन वर्षांनंतर ते खातं भरतं, उलट ३३ व्या वर्षी वयाचे ९९ चे ८८ होतील. म्हणून म्हणते द्या, आणि लवकर द्या.

आता निबंध. विषय होता कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना घरून काम करू द्यावं, तुम्ही कितपत सहमत आहात. तुमची सुरुवात आहे 'इन टुडेज मॉडर्न एरा ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजी', आणि पुढची चार वाक्यं जग कसं बदललं यावर. मग फायद्यांचा परिच्छेद, मग तोट्यांचा परिच्छेद, आणि शेवटी एका ओळीत 'एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स'. अहो, त्यांनी विचारलंय तुम्ही कितपत सहमत, आणि अख्ख्या निबंधात तुमचं मत कुठे आहे? मी दोनदा शोधलं. परीक्षकाकडे चार निकष असतात, पहिलाच निकष विचारलेल्याचं उत्तर दिलं का हा आहे, आणि तिथेच तुम्ही सहावर येता मग बाकी भाषा कितीही छान असो. पहिल्याच परिच्छेदात दोन वाक्यांत सांगा की मी बऱ्यापैकी सहमत आहे पण नव्याने लागलेल्या लोकांसाठी नाही, आणि पुढे तेच पटवून द्या. क्लासमध्ये पाठ करून घेतलेली ती सुरुवात परीक्षकाने हजारवेळा वाचलेली असते, ती काढून टाकली तरी तुमचं काही बिघडत नाही, उलट साठ शब्द वाचतात.

दुसरं, व्याकरण. 'आय ॲम वर्किंग सिन्स फोर इयर्स' तुमच्या निबंधात आहे, आणि 'पीपल आर हॅविंग फॅमिलीज' पण आहे. ही आपल्या सगळ्यांची जुनी खोड, मराठीत 'चार वर्षांपासून करतोय' म्हणतो ना तेच सरळ उचलून तिकडे ठेवतो. आणि 'द' आणि 'अ' जिथे पाहिजेत तिथे नाहीत, जिथे नकोत तिथे आहेत. एकेक चूक लहान आहे पण दर दुसऱ्या ओळीत दिसली की सातचा बँड मिळत नाही, कारण सातला बरीचशी वाक्यं बिनचूक लागतात. तुमच्याच पाच जुन्या निबंधांत लाल पेनाने फक्त ही दोन प्रकारची चूक शोधा, तिसरं काही बघू नका. व्होकॅबचं पुस्तक तात्पुरतं कपाटात ठेवा. 'प्लेथोरा' नि 'मिरियाड' हे शब्द तुम्ही घातलेत त्यातला एक चुकीच्या जागी बसलाय.

पत्राला वीस मिनिटं, निबंधाला चाळीस, यात गडबड करू नका कारण निबंधाला पत्राच्या दुप्पट वजन आहे. पण पत्र हलक्यातही घेऊ नका, त्यात तीन मुद्दे दिलेले असतात आणि घाईत एक राहून जातो. पत्र १५० शब्दांच्या वर, निबंध २५० च्या वर, तीनशेच्या पुढे जायची काही गरज नाही, तुमचा ३४० आहे आणि शेवटच्या शंभर शब्दांतच सगळ्यात जास्त चुका आहेत.

रीचेकिंग करू का असंही तुम्ही विचारलंय. निकालापासून सहा आठवड्यांत एन्क्वायरी ऑन रिझल्ट्स करता येते आणि बँड बदलला तर फी परत मिळते, पण हा निबंध बघून मी तुम्हाला त्यात पैसे घालायला सांगणार नाही.

टेस्ट बदलण्याबद्दल. आयईएलटीएसऐवजी कॅनडाला सेलपिप जनरल ही इंग्रजी परीक्षा चालते आणि जानेवारी २०२४ अखेरीपासून पीटीई कोर ही कॉम्प्युटरवरची परीक्षा पण चालते. पण पीटीई सोपी असते हे ऐकून उडी मारू नका, पीटीई कोरमध्ये सीएलबी ९ साठी रायटिंगला ९० पैकी ८८ लागतात, तुमचा प्रॉब्लेम रायटिंगचाच आहे. सेलपिपमध्ये स्पीकिंग कॉम्प्युटरशी बोलायचं असतं, समोर माणूस बसला की ज्यांना घाम फुटतो त्यांना ती बरी पडते, तुम्हाला तो त्रास दिसत नाही.

आणि एक गोष्ट जी क्लासवाले सांगत नाहीत. ४५८ झाले म्हणजे इन्व्हिटेशन (पीआरचा अर्ज करा असं बोलावणं) आलं असं नाही, ते ठरावीक ड्रॉमध्ये कटऑफच्या वरच्यांनाच मिळतं. २०२५ मध्ये कॅनडात काम केलेल्या लोकांच्या सीईसी ड्रॉचा कटऑफ सतत पाचशेच्या वर राहिला, आणि नोकरीच्या ऑफरचे जे ५० किंवा २०० पॉइंट मिळायचे ते मार्च २०२५ मध्ये बंद झाले. तेव्हा ४५८ वर मुख्य रस्ते दोन आहेत. एखाद्या प्रांताचं नॉमिनेशन, ज्याचे ६०० मिळतात, किंवा फ्रेंच. फ्रेंचच्या चारही विषयांत लेव्हल ७ आली आणि तुमचं रायटिंग ७ झालेलं असलं तर ५० बोनस अधिक दुसऱ्या भाषेचे १२, म्हणजे ५२०. शिवाय फ्रेंचवाल्यांचे ड्रॉ वेगळे निघतात, मार्च २०२५ मधल्या एका ड्रॉचा कटऑफ ३७९ होता. वर्ष-दीड वर्षाची मेहनत आहे हे खरं, पण एकटे आहात, ३१ चे आहात, संध्याकाळ मोकळी आहे. मी तुमच्या जागी असते तर रायटिंगसाठी परत परीक्षा देऊन दुसऱ्या दिवशी फ्रेंचला नाव घातलं असतं.

प्रश्न : मॅडम, मी लातूरची, वय २६, बी.फार्म., दहावीपर्यंत मराठी मीडियम. आयईएलटीएसमध्ये लिसनिंग ६.५, रीडिंग ६.५, रायटिंग ६, स्पीकिंग ५.५. एजंट म्हणतो ओव्हरऑल सहा आलेत, कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीत प्रोफाइल टाकून देऊ. टाकू का?

नको गं, प्रोफाइल पात्रच ठरणार नाही. फेडरल स्किल्ड वर्कर, म्हणजे एक्स्प्रेस एन्ट्रीतला तुला लागू होणारा गट, त्याला पहिल्या भाषेत चारही विषयांत किमान सीएलबी ७ लागतं म्हणजे आयईएलटीएसमध्ये सगळीकडे सहा. तुझं स्पीकिंग साडेपाच म्हणजे लेव्हल ६. बाकी तीन विषयांत कितीही असते तरी इथेच अडलं असतं, एजंटला हे माहीत नसेल तर एजंट बदल.

तू पाठवलेलं स्पीकिंगच्या सरावाचं रेकॉर्डिंग ऐकलं. मराठी मीडियमचा यात काही संबंध नाही, उच्चार समजतात, आणि ॲक्सेंटचे मार्क कापत नाहीत, समजलं की झालं. तुझा घोळ वेगळाच आहे. स्पीकिंगच्या दुसऱ्या भागात विषयाचं कार्ड मिळतं, एक मिनिट विचार करायला आणि दोन मिनिटांपर्यंत बोलायचं, तू पस्तीस-चाळीस सेकंदांत 'दॅट्स ऑल' म्हणून थांबतेस. आणि पहिल्या भागात 'डू यू लाइक कुकिंग' विचारलं की 'येस आय लाइक' एवढंच. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांसमोर जेवढ्यास तेवढं बोलायची सवय आपल्याला असते, इथे तीच नडते. परीक्षक तुझं ज्ञान तपासत नाहीये, तुला किती वेळ न अडखळता बोलता येतं ते बघतोय. स्वयंपाक आवडतो का, तर आवडतो, पण रोजचा नाही, रविवारी आजीबरोबर धपाटे करायला आवडतात, लहानपणी मला थापायला जमायचेच नाहीत आता जमतात, पुढे कधी हॉस्टेलवर राहिले तर तिथेही करीन. बघ, वर्तमान, भूत, भविष्य तिन्ही काळ एका धपाट्यात झाले. खोटं बोललीस तरी चालतं, धपाटे येतात का हे कुणी तपासणार नाही.

रोज एक कार्ड, मोबाइलवर दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग, मग स्वतः ऐकायचं. ऐकताना फक्त दोन गोष्टी लिहून काढ, कुठे थांबलीस आणि कुठला शब्द परत परत आला ('बेसिकली' तू फार म्हणतेस). प्रश्न कळला नाही तर परत विचार, त्याचे मार्क जात नाहीत. पाठ केलेलं उत्तर मात्र देऊ नकोस, आवाजाची पट्टी बदलते आणि त्यांना लगेच कळतं.

पण सहा हे फक्त दार उघडण्यापुरते. स्पर्धेत यायचं तर तुलाही वरच्या मुलासारखं सीएलबी ९ कडे जावं लागेल. वयाचे मात्र तुला, लग्न झालेलं नसेल तर, पूर्ण ११० मिळतायत, २९ पर्यंत ते कमी होत नाहीत, त्यामुळे घाई करून सहा बँडवर समाधान मानू नकोस.

प्रश्न : ताई, आम्ही पुण्याचे, मी आयटीत, वय ३४. ऑस्ट्रेलियासाठी ऑक्टोबर २०२५ मध्ये पीटीई दिली, लिसनिंग ७८, रीडिंग ७४, रायटिंग ८१, स्पीकिंग ८६. माझ्या मित्राला आधी सगळीकडे ७९ वर २० पॉइंट मिळाले होते. म्हणजे मला फक्त लिसनिंग-रीडिंग वाढवायचं ना? बायकोचं इंग्रजी 'कॉम्पिटंट' पातळीचं आहे. माझे व्हिसाचे पॉइंट एकूण ६५ होतात.

उलट आहे! मित्राच्या वेळचा नियम गेला. ७ ऑगस्ट २०२५ पासून दिलेल्या पीटीईला प्रत्येक विषयाचा वेगळा आकडा आहे. सुपीरियर म्हणजे २० पॉइंटसाठी आता लिसनिंग ६९, रीडिंग ७०, रायटिंग ८५, स्पीकिंग ८८. म्हणजे ज्या दोन विषयांची तुम्ही काळजी करताय ते केव्हाच झालेत आणि जे दोन चांगले वाटतायत तेच कमी पडतायत, रायटिंग चारने आणि स्पीकिंग दोनने. तुम्ही आत्ता त्याखालच्या प्रोफिशियंट पायरीवर, म्हणजे १० पॉइंट. रीडिंगच्या मॉक टेस्ट लगेच बंद करा.

स्पीकिंगला रिपीट सेन्टेन्स आणि रीड अलाउड रोज करा, आणि वेगाने बोलणं म्हणजे फ्लुएन्सी नाही हे आयटीवाल्यांना जरा जास्तच सांगावं लागतं, स्टँडअप मीटिंगमध्ये बोलता तसं शेवटचे शब्द गिळू नका. ऑगस्ट २०२५ पासून ग्रुप डिस्कशनचा सारांश सांगणं आणि दिलेल्या प्रसंगाला उत्तर देणं हे दोन नवे प्रकार आलेत, त्यांची तयारी जुन्या व्हिडिओंवर होणार नाही.

पण तुम्हाला खरी गंमत सांगायचीय ती वेगळीच. इंग्रजीच्या मागे लागून लोक ज्याकडे बघत नाहीत ते म्हणजे नाटी या ऑस्ट्रेलियातल्या भाषांतर संस्थेची सीसीएल ही दुभाषेगिरीची टेस्ट, आणि ती मराठीत देता येते. पास झालात तर ५ पॉइंट. दोन संवाद असतात, साधारण तीनशे शब्दांचे, एक बाजू इंग्रजी बोलते आणि दुसरी मराठी, मध्ये तुम्ही दुभाषी. पस्तीस शब्दांपर्यंतचा तुकडा ऐकायचा आणि दुसऱ्या भाषेत सांगायचा. ९० पैकी ६३ पाहिजेत आणि प्रत्येक संवादात ४५ पैकी किमान २९. विषय दवाखाना, भाड्याचं घर, विमा, शाळा, नोकरी, कोर्ट असे असतात.

आता तुम्ही म्हणाल मराठी तर घरचीच. तिथेच पुणेकर घसरतात. भाडेकरू घरमालकाच्या एजंटशी बोलतोय, एजंट इंग्रजीत म्हणतो लीज वाढवायची तर चौदा दिवस आधी लेखी कळवा आणि बाँड परत मिळायला घराची तपासणी होईल. तुम्ही झटकन म्हणता 'लीज एक्सटेंड करायची तर फोर्टीन डेज आधी रायटिंगमध्ये नोटीस द्या, इन्स्पेक्शन होईल.' बायकोला कळेल, परीक्षक मार्क कापेल. भाडेकरार, चौदा दिवस, लेखी, अनामत रक्कम, तपासणी हे शब्द तुम्हाला येतात, फक्त जिभेवर नाहीत. त्यासाठी कुठल्या जाड पुस्तकाची गरज नाही, मराठी पेपरातल्या आरोग्य आणि कायद्याच्या बातम्या मोठ्याने वाचा, आणि दोन-तीन शब्दांत टिपणं काढायची सवय करा कारण तारखा आणि आकडे गळाले की मार्क पटापट जातात. मेडिकेअर, सेंटरलिंक ही तिथल्या सरकारी सेवांची नावं आहेत तशीच म्हणायची.

हिशोब बघा. आत्ताचे ६५, जे फक्त अर्ज करण्याची किमान पातळी आहे, इन्व्हिटेशनला आयटीत जास्त लागतात. सीसीएलचे ५, सुपीरियरचे वरचे १०, झाले ८०. १९० नंबरच्या व्हिसासाठी राज्याचं नॉमिनेशन मिळालं तर अजून ५, आणि ४९१ हा मोठ्या शहरांबाहेरचा व्हिसा घेऊन थोडं आडबाजूला राहायची तयारी असेल तर १५. क्रम विचाराल तर मी सीसीएल आधी बुक करायला सांगीन, कारण ते तुम्हाला महिनाभराच्या तयारीत जमण्यासारखं आहे आणि पीटीईच्या स्पीकिंगलाही त्याने कान तयार होतो. फी मात्र चांगलीच आहे, आठशे ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास, तेव्हा तयारी न करता 'बघू तरी' म्हणून बसू नका.

प्रश्न : मी कोल्हापूरची, वय ३०, एम.एस्सी. केमिस्ट्री, ज्युनियर कॉलेजवर चार वर्षं शिकवलं, बाळ झाल्यावर दोन वर्षं घरी आहे. मिस्टर ३६, बी.ई., कॅनडासाठी ते मुख्य अर्जदार आहेत. त्यांचं आयईएलटीएस झालंय. मीही द्यावी म्हणतात, स्पाउसचे थोडे पॉइंट मिळतात म्हणून. एवढ्याशासाठी देऊ का?

एवढ्याशासाठी नको, मुख्य अर्जदार होण्यासाठी द्या. स्पाउस म्हणून तुमचं इंग्रजी सीएलबी ९ असलं तरी जास्तीत जास्त २० पॉइंट. पण तुमचं नाव पुढे केलं तर काय होतं ते कुणी मांडून बघितलंय का? जोडीदार सोबत असला की पॉइंटचा तक्ता थोडा वेगळा असतो, त्यात वयाचे त्यांना ६५, तुम्हाला ९५. शिक्षणाचे त्यांना ११२, तुमची एम.एस्सी. ईसीएमध्ये (कॅनडासाठी पदवीची पडताळणी) मास्टर्स म्हणून आली तर १२६. चारही विषयांत सीएलबी ९ आलं तर शिक्षण-भाषेच्या जोडीचे त्यांना २५, तुम्हाला ५०. सगळा मिळून फरक सत्तरच्या आसपास जातो. मधली दोन वर्षं घरी होता त्याने बिघडत नाही, गेल्या दहा वर्षांतला सलग एक वर्षाचा अनुभव पात्रतेला चालतो आणि तुमचा चार वर्षांचा आहे. कॉलेजकडून कामाचे तास, पगार, काय शिकवायचात हे सगळं लिहिलेलं पत्र आत्ताच मागून ठेवा, प्राचार्य बदलले की पत्र मिळायला किती फेऱ्या होतात ते तुम्हाला मी काय सांगू.

मिस्टरांचं आयईएलटीएस वाया जात नाही, ते मग स्पाउस म्हणून धरलं जाईल. फक्त निकालाची तारीख बघा, टेस्टचा निकाल दोनच वर्षं चालतो, आणि तो प्रोफाइल टाकताना आणि पुढे पीआरचा अर्ज भरताना दोन्ही वेळेला जिवंत लागतो. आणि फॉर्म भरताना नाव पासपोर्टवर आहे तसंच. लग्नानंतरचं आडनाव आधारवर आणि माहेरचं पासपोर्टवर अशी परिस्थिती असेल तर आधी ते निस्तरा, मग टेस्ट बुक करा.

प्रश्न : आमच्या ओळखीचा एकजण म्हणतो दीड लाख द्या, परीक्षा न देता आठ बँडचा रिझल्ट मिळेल, सिस्टीममध्ये पण दिसेल. मुलाचे बाबा म्हणून विचारतोय, यात कितपत तथ्य आहे?

शून्य. निकाल इमिग्रेशनचं ऑफिस स्वतः टेस्टवाल्यांकडे पडताळून बघतं. खोटा निघाला तर कॅनडात पाच वर्षांची बंदी, ऑस्ट्रेलियात सहसा तीन वर्षांची, आणि पुढे कुठल्याही देशाच्या फॉर्मवर 'आधी कधी नाकारलंय का' या प्रश्नाला आयुष्यभर हो लिहावं लागतं. सापडतो तो मुलगा, दीड लाखवाला नाही. ॲडव्हान्स दिला असेल तर काका, त्याच्याशी घासाघीस करत बसू नका, पैसे पाठवल्याचे पुरावे आणि व्हॉट्सॲपचे मेसेज डिलीट न करता ठेवा आणि पोलिसांत तक्रार द्या. मुलाचा पासपोर्ट त्याच्याकडे ठेवायला दिलाय असं तुमच्या पत्रात ओझरतं आलंय, तो आजच्या आज जाऊन परत आणा.